डावा खण

ड्रागोने खण बसवले तेव्हा बजावलं होतं,
कुलपात तेल घालू नकोस.
इथली लाल धूळ तेलाला धरते
आणि किल्ली आत रुतते, गाळात खूर रुतावा तशी.
शिसपेन्सिल तास, तिची भुकटी फुंक.

म्हणून लँडक्रूझरच्या पुढच्या कप्प्यात
माझ्या लेकीची पिवळी पेन्सिल असते,
शेंड्यावर तिने चावल्याच्या खुणा.
ती आता ब्रिस्बेनला दातांचीच डॉक्टर आहे.

विंडोराच्या पश्चिमेला रस्ता म्हणजे
पन्हाळी पत्रा, शंभर किलोमीटर अंथरलेला.
नटबोल्ट सैल होतात, दाढा सैल होतात,
खण मात्र तसूभर हलत नाहीत.
उजव्यात माझं गुरांच्या डॉक्टरचं सगळं :
वासरू ओढायच्या साखळ्या, सुया, दोर, चहाचा डबा.
डाव्यात रायफल.
बोल्ट वेगळा, काडतुसं वेगळ्या पेटीत,
पेटीला तिचं स्वतःचं कुलूप.
कायदाच तसा आहे. मलाही तसंच बरं वाटतं.
पाय मोडलेल्या घोडीपाशी पोचल्यावर
तीन कुलपं उघडेपर्यंत जो वेळ जातो
त्यात मी तिच्या मालकाकडे एकदा नीट बघून घेते.

मर्व्ह ट्रेलोअर आला तो मंगळवार होता.
एल्स्पेथला जाऊन सात आठवडे झाले होते.
इंजिन चालूच ठेवून खाली उतरला,
हातात घोंगडीत गुंडाळलेलं लांबोडकं काही,
झोपलेलं मूल आणावं तसं.
म्हणाला, तुझ्या खणात जागा आहे का?
मी म्हटलं, आहे.
नव्हती.
जॅक काढला, तंबूच्या काठ्या काढल्या,
नवऱ्याची जुनी गळाची काठी काढून टपावर बांधली.
तो पाठ करून उभा होता, कुंपणाकडे तोंड.

किती दिवस, असं मी विचारलं नाही.
का, हे तर विचारायचंच नव्हतं.
किल्ली फिरली तेव्हा तो म्हणाला,
कुठे ठेवतेस ते मला सांगू नकोस.
मग टोपी सारखी केली,
आणि यंदा टोळ फार आहेत असं काहीतरी बोलला.

रात्री सार्जंटला फोन केला,
दुसऱ्याचं हत्यार माझ्याकडे आहे, नोंद करून घ्या.
कुणाचं, ते सांगितलं.
लिहून घेतो, म्हणाला.
बराच वेळ तारेवर नुसती खरखर.
मग म्हणाला, पलीकडच्या वाटेने येत जा जमलं तर,
त्याच्या फाटकावरून.

एकवीस किलोमीटरचा वळसा पडतो.

लोक म्हणतात, कुलूप सावासाठी, चोराला ते काय अडवणार.
मी इतकी वर्षं मान डोलावत आले.
एखादा साव स्वतःहूनच येऊन
मला अडव म्हणेल, हे ध्यानात नव्हतं आलं.

आता दर गुरुवारी त्याच्या फाटकाशी थांबते.
तो येतो, कधी दाढी केलेली, कधी नाही.
कुलूप ठीक आहे ना?
ठीक आहे.
धूळ जात नाही ना आत?
नाही जात.
एवढंच. मग पाण्याच्या पंपाबद्दल दहा मिनिटं.

परवा मात्र तो मागे येऊन उभा राहिला
आणि खणावर बोटाची पेरं वाजवली, दारावर वाजवावी तशी.
माझ्या छातीत चर्र झालं.
उजवा उघड, म्हणाला. तो चहाचा डबा अजून आहे का?
टपाच्या सावलीत बसून आम्ही चहा केला,
साखर कमी पडली.
निघताना खिशातून त्याने पेन्सिलीचा तुकडा काढला,
सुताराची, चपटी, चाकूने तासलेली.
ही चांगली, म्हणाला, जास्त काळी आहे.

ती आता पिवळीच्या शेजारी आहे.
पत्र्याच्या रस्त्यावर दोघी एकमेकींवर वाजत राहतात.
डाव्या खणातून आवाज येत नाही.
मी कान देऊन असते.